फुटलेल्या गिटारचं बिल कोण भरतं? रॉकवाल्यांच्या बंडखोरीची झडती

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

रॉक संगीताच्या गप्पा निघाल्या की दहाव्या मिनिटाला कुणीतरी हॉटेलच्या खिडकीतून टीव्ही फेकतोच. मागोमाग तरणतलावातली मोटार, वटवाघूळ, पेटलेली गिटार अशी सगळी वरात येते. त्यावर ठरलेली उत्तरं दोन: 'हे लोक असलेच' किंवा 'सगळं नाटक असतं हो'. दोन्ही आळशी आहेत. एकेक किस्सा घेऊन त्याची झडती घ्यावी, म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

झडतीत मी तीन गोष्टी बघतो. नुकसानीचे पैसे शेवटी कुणाच्या खिशातून गेले? तिथे कॅमेरा किंवा पत्रकार हजर होता का? आणि लागलं कुणाला, त्या कलाकाराला की उलट बोलायची सोय नसलेल्या एखाद्या नोकरमाणसाला?

सुरुवात रोलिंग स्टोन्सपासून करू. १९६३ मध्ये अँड्र्यू लूग ओल्डम त्यांचा मॅनेजर झाला तेव्हा तो जेमतेम १९ वर्षांचा होता. पहिल्या टीव्ही कार्यक्रमात त्याने या 'बंडखोर' पोरांना एकसारखी चौकटीची जाकिटं घातली होती! ती त्यांना शोभेनात आणि पोरंही ती घालेनात, तेव्हा डाव उलटवला: बीटल्स नीटनेटके, तर हे गबाळे. 'तुमच्या बहिणीला रोलिंग स्टोनबरोबर जाऊ द्याल का?' अशा अर्थाचा मथळा मार्च १९६४ मध्ये 'मेलडी मेकर' या संगीत साप्ताहिकात झळकला. इयन स्टुअर्ट हा पियानोवाला बँडच्या स्थापनेपासूनचा. चेहरामोहरा या चित्रात बसत नाही म्हणून त्याला फोटोतून वगळलं. पियानो तो पुढेही वाजवत राहिला आणि सामानाची गाडीही चालवत राहिला. मिक जॅगर तेव्हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा विद्यार्थी होता.

याउलट 'सभ्य' बीटल्स. हॅम्बुर्गच्या बदनाम वस्तीतल्या क्लबांत रात्र रात्र वाजवत, जागं राहायला प्रेलुडिनच्या गोळ्या खात, चामडी जाकिटं घालून ही पोरं तयार झाली होती. १९६२ मध्ये मॅनेजर ब्रायन एपस्टीनने त्यांना सूट चढवले. म्हणजे गुंड दिसणारे उपनगरातले विद्यार्थी आणि सभ्य दिसणारे बंदरावर मुरलेले. कपडे दोन्हीकडे मॅनेजरने ठरवले.

मार्च १९६५ मध्ये स्टोन्सचे तिघे पेट्रोल पंपाच्या भिंतीवर लघवी करताना पकडले गेले. कोर्टाने प्रत्येकी ५ पौंड दंड केला. पाच पौंडांत मिळालेली ही प्रसिद्धी कुठल्याही जाहिरात कंपनीला परवडली नसती.

---

वायरमन

गिटार फोडण्याबद्दल लिहितो, कारण त्यात बहुतेकांचा समज चुकीचा असतो.

द हू बँडच्या पीट टाउनशेंडने पहिली गिटार फोडली ती ठरवून नाही. सप्टेंबर १९६४, हॅरोमधलं रेल्वे हॉटेल, बसकं छत. रिकनबॅकर गिटार वर उचलली, शेंडा (मानेचं तारा गुंडाळायचं टोक) छतात घुसला आणि मोडला. लोक हसतायत असं वाटल्यावर उरलेली गिटार त्याने मुद्दाम फोडली. पुढच्या वेळी लोक तेवढंच बघायला आले. टाउनशेंड ईलिंगच्या कलाशाळेत शिकलेला. तिथे गुस्ताव मेट्सगरच्या 'स्वतःला नष्ट करणाऱ्या कले'ची व्याख्यानं त्याने ऐकली होती. अपघात आधी झाला, तत्त्वज्ञान नंतर चिकटवलं. पण चिकटवलं म्हणून ते खोटं ठरत नाही.

आता हिशेब. रिकनबॅकर महाग, आणि द हूच्या त्या काळात वाद्यं हप्त्याने घेतलेली असत. हप्ते फिटायच्या आत वाद्याचे तुकडे. त्यामुळे दुसऱ्या दिवशी डिंक आणि शिकंजे काढून तीच गिटार पुन्हा जोडायची, हे नित्याचं काम. इथे वाद्याची बनावट फार महत्त्वाची:

फेंडर जातीच्या गिटारची मान मेपलची, धडाला चार स्क्रूंनी बसवलेली, आणि शेंडा मानेच्या जवळपास सरळ रेषेत. आपटली तर सहसा स्क्रूंची जागा उखडते किंवा धडाचा कपचा निघतो. दुसरी मान लावली की वाद्य पुन्हा उभं. गिब्सन लेस पॉलचं तसं नाही. मान महॉगनीची, धडात सरस लावून बसवलेली, शेंडा साधारण १७ अंश मागे कललेला. त्या कोनामुळे लाकडाचे धागे नेमके शेंड्याच्या मुळाशी तुटक पडतात, आणि ट्रस रॉडच्या (मान सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईच्या) नटासाठी तिथेच खाच कोरलेली असते. ही गिटार फोडायचीही गरज नसते. स्टँडवरून तोंडावर पडली तरी तिथेच मोडते.

म्हणून रोज रात्री गिटार फोडणारा माणूस फेंडर घराण्यातली स्वस्त गिटार वापरतो. निर्वाणाच्या दौऱ्यांत कर्ट कोबेनसाठी हेच चालायचं: स्वस्त स्ट्रॅटोकास्टर, सुटे भाग जमवून तिच्या डागडुजीला बसलेला गिटार टेक्निशियन, आणि फोडाफोडी सहसा शेवटच्या गाण्याला. पहिल्याच गाण्याला फोडली तर पुढचा तास वाजवणार काय?

काय चुकू शकतं: १०–४६ या नेहमीच्या जाडीच्या संचात सहा तारांचा मिळून ताण ४५ किलोच्या आसपास असतो. मान तुटली की तो एकदम सुटतो आणि तारेचं टोक चाबकासारखं फिरतं. डोळ्यांना धोका पहिला. दुसरा धोका हवेत फेकलेल्या वाद्याचा. १९९२ च्या एमटीव्ही पुरस्कार सोहळ्यात निर्वाणाच्याच क्रिस्ट नोवोसेलिकने बास गिटार उंच उडवली. ती त्याच्याच कपाळावर उतरली आणि तो मंचावरून झोकांड्या खात बाहेर गेला. बास बहुधा चार किलोच्या आसपास असते, आणि मंचावरच्या दिव्यांकडे बघत ती झेलणं जमत नाही.

---

उलटतपासणी

वायरमन यांच्या प्रतिसादातून धाग्याला चौथी खूण मिळते. फुटलं ते वाद्य चांगलं होतं की राखीव?

जिमी हेंड्रिक्सने १८ जून १९६७ ला माँटेरीच्या संगीत महोत्सवात गिटार पेटवली. कार्यक्रमाचा बराचसा भाग काळ्या स्ट्रॅटोकास्टरवर वाजवून झाला आणि शेवटच्या गाण्याआधी त्याने हाताने रंगवलेली दुसरी गिटार घेतली. जळाली ती दुसरी. त्याआधी ३१ मार्चला लंडनच्या फिन्सबरी पार्क अ‍ॅस्टोरियात त्याने पहिल्यांदा गिटार पेटवली, तेव्हा कल्पना एका पत्रकाराची होती आणि लायटरमध्ये भरायचं इंधन बाहेरून मागवून आणलं होतं. हात मात्र खरा भाजला.

आता क्लॅश बँडचा बासवादक पॉल सिमनन. सप्टेंबर १९७९, न्यू यॉर्कचं पॅलेडियम. प्रेक्षकांना खुर्चीतून उठू देत नव्हते, मंचावर काही पोचत नव्हतं, आणि त्याने बास जमिनीवर आपटली. पेनी स्मिथने काढलेला तो फोटो क्लॅशच्या अल्बमवर गेला. फोकस हललाय म्हणून तिला स्वतःला तो नको होता. सिमनन नंतर हळहळला की डोकं ठिकाणावर असतं तर राखीव बास फोडली असती, फुटली ती चांगली होती.

याला म्हणतात राग. गिटार बदलून घेण्याइतकं भान होतं तो प्रयोग, ते नव्हतं तो राग. प्रयोग हलका असं मी म्हणत नाही. माँटेरीतला प्रयोग उत्तमच होता.

---

परिशिष्ट

व्हॅन हेलेन बँडच्या तपकिरी गोळ्यांबद्दल अजून कुणी कसं लिहिलं नाही?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दौऱ्याच्या कराराला 'रायडर' नावाची पुरवणी जोडलेली असते. वीज किती, मंच किती वजन पेलणारा, मजूर किती, जेवण काय, सगळं त्यात. व्हॅन हेलेनच्या १९८२ च्या रायडरमध्ये एम अँड एमच्या रंगीत चॉकलेट गोळ्या मागितल्या होत्या आणि पुढे ताकीद होती: तपकिरी गोळी एकही नको. लोकांनी याला माज म्हटलं. गायक डेव्हिड ली रॉथने १९९७ च्या आत्मचरित्रात खुलासा केला. इतर बँड तीन ट्रक घेऊन फिरायचे, यांचे अठरा चाकांचे नऊ. लहान गावांतल्या सभागृहांचे दरवाजे, तुळया, जमीन या वजनासाठी बांधलेल्या नव्हत्या. वाडग्यात तपकिरी गोळी दिसली म्हणजे रायडर कुणी वाचलेला नाही. मग सगळा मंच पुन्हा तपासायचा.

कोलोराडोतल्या पुएब्लोत नेमकं हेच झालं. वजनाची अट न वाचता बास्केटबॉलच्या नव्या, लवचीक जमिनीवर मंच उभारला आणि तो खाली रुतला. रॉथच्या म्हणण्याप्रमाणे जमिनीचं नुकसान सुमारे ८०,००० डॉलर. वर्तमानपत्रांनी छापलं की गोळ्यांवरून भडकून त्याने खोलीचं ८५,००० डॉलरचं नुकसान केलं. ही बातमी त्याने खोडून काढली नाही. फुकटची कीर्ती कोण नाकारतो?

---

उलटतपासणी

परिशिष्ट, या गोष्टीचा गोडवा थोडा कमी करतो.

एक: रॉथ सांगतो त्याप्रमाणे हे कलम विजेच्या आणि वजनाच्या कलमांमध्ये लपवलेलं असायला हवं. प्रसिद्ध झालेल्या १९८२ च्या रायडरमध्ये ते खाण्याच्या यादीत आहे, वेफर्स, दाणे, प्रेत्झेल आणि दही यांच्या पंगतीत. ते पान वाचणार स्वयंपाकाचं काम घेतलेला माणूस. मंच बांधणाऱ्या फोरमनपर्यंत ते जातही नाही. आचाऱ्याने गोळ्या चोख निवडल्या आणि फोरमनने वजनाचं पान उघडलंच नाही, असं सहज होऊ शकतं. म्हणजे ही चाचणी फार तर 'प्रमोटरच्या (कार्यक्रम भरवणाऱ्याच्या) कचेरीत शिस्त आहे का' एवढंच सांगते.

दोन: खोलीची मोडतोड झालीच नाही असं रॉथही म्हणत नाही. जेवणाचं टेबल उलथलं, दाराला लाथ मारून भोक पाडलं, सुमारे १२,००० डॉलरचा चुराडा केला, हे त्याचंच कथन आहे. सुरक्षेची काळजी असणारा माणूस मंच तपासायला धावेल. दार फोडून मंच मजबूत होत नाही.

कलमात अक्कल होती, माणसात माजही होता. दोन्ही एका खोलीत मावतात.

---

परिशिष्ट

पहिला मुद्दा मान्य. यादीतली जागा माझ्या लक्षात आली नव्हती.

मोडतोडीच्या बिलाचा प्रवास मात्र सांगतो, तो सहसा कुणी सांगत नाही. कार्यक्रम संपला की टूर मॅनेजर आणि प्रमोटर हिशेबाला बसतात. तिकिटांची जमा, त्यातून सभागृहाचं भाडं, मजुरी, जाहिरात, विमा वजा. मग ठरलेली किमान रक्कम किंवा नफ्याची टक्केवारी, यांतलं जे जास्त असेल ते बँडचं. बँडच्या माणसांनी केलेलं नुकसान बँडच्या वाट्यातून तिथल्या तिथे कापतात. प्रेक्षकांनी खुर्च्या मोडल्या तर ते सहसा प्रमोटरच्या माथी. हॉटेलचं बिल टूर मॅनेजर भरतो. दौऱ्याला रेकॉर्ड कंपनीने पैसे दिले असतील तर ती उचल असते, बक्षीस नसतं. पुढच्या रॉयल्टीतून ती वसूल होते. म्हणजे खिडकीतून जाणारा टीव्ही फेकणाऱ्याने स्वतःच विकत घेतलेला असतो, फक्त दोन वर्षं उशिरा कळतं. ढोलवाल्याने फेकलेल्या टीव्हीचे पैसे चौघांत वाटले जातात, यावरून बँडमध्ये जी भांडणं होतात ती वेगळीच.

जाता जाता, टीव्हीपेक्षा महाग प्रकार म्हणजे अग्निशामक नळकांडं. त्यातली कोरडी पावडर गालिचा, एसीची नळी, विजेची उपकरणं सगळीकडे शिरते, ओलावा लागला की धातू खाते, आणि खोली कित्येक दिवस भाड्याने देता येत नाही. खिडक्यांवर हॉटेलांनी उपाय शोधला आहेच: उंच मजल्यांवरच्या खिडक्या वीतभरही उघडत नाहीत.

---

नवखा

मग द हूच्या ढोलवाल्या कीथ मूनची तरणतलावातली गाडी? ती तरी खरी ना?

---

मंद्रसप्तक

तारीख खरी, हॉटेल खरं, दात खरा. गाडीचं कठीण आहे.

२३ ऑगस्ट १९६७, मिशिगनमधल्या फ्लिंटचं हॉलिडे इन, मूनचा एकविसावा वाढदिवस. केकची फेकाफेक झाली, अग्निशामकाचा फवारा बाहेर उभ्या गाड्यांवर गेला, पळताना मून पडला आणि त्याचा पुढचा दात तुटला. इथपर्यंत साक्षी जुळतात. लिंकन गाडी तलावात गेली हे मूनने १९७२ च्या एका मुलाखतीत रंगवून सांगितलं. पुढे गाडी सांगणाऱ्यागणिक बदलत गेली: लिंकन, कॅडिलॅक, रोल्स-रॉईस. तिथे हजर असलेल्यांच्या आठवणीही एकमेकींशी जुळत नाहीत.

अशा किश्श्याला मी एकच कसोटी लावतो: सकाळी काय झालं असेल? दोनेक टनांची गाडी पाण्यात गेली तर क्रेन लागते, तलाव उपसावा लागतो, तेल आणि पेट्रोल उतरलेलं पाणी टाकून द्यावं लागतं, विमा कंपनी माणूस पाठवते. चार ठिकाणी चार कागद तयार होतात. किस्सा फक्त रात्रीचा असेल आणि सकाळच नसेल, तर तो दारूच्या टेबलावर जन्मलेला समजावा.

आणि मूनची सकाळ खरोखर कशी होती हे ७ सप्टेंबर १९७८ ला कळलं. दारू सोडण्यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या क्लोमेथियाझोलच्या ३२ गोळ्या त्याच्या पोटात सापडल्या, त्यांतल्या २६ विरघळायच्याच होत्या. वय ३२. 'वेडा मून' ही प्रतिमा विकणाऱ्या कुणालाही तो दारू सोडायला धडपडत होता ही बातमी कामाची नव्हती.

---

ठिणगी

मंचावरच्या 'धोक्या'बद्दल. जितकं धोकादायक दिसायचं, तितकी पडद्यामागे शिस्त जास्त लागते, आणि ती सुटली की काय होतं याची उदाहरणं नोंदलेली आहेत.

अ‍ॅलिस कूपर या गायकाचं गिलोटिन १९७३ मध्ये जादूगार जेम्स रँडीने बनवलं, आणि जल्लादाच्या वेशात तोच मंचावर उभा राहायचा. फाशीच्या देखाव्यात अंगावरच्या कपड्यांखाली पट्टे आणि त्यांना पाठीमागून पियानोची पोलादी तार असते. तार फासाच्या दोरापेक्षा थोडी आखूड ठेवायची, म्हणजे वजन तारेवर येतं आणि दोर सैलच राहतो. १९८८ च्या तालमीत ती तार तुटली. कारण साधं: वर्षानुवर्षं तीच तार, कधी बदललीच नव्हती. पोलाद एका झटक्यात क्वचित तुटतं. रोज तिथेच वाकून ते आतून थकत जातं आणि वरून काही दिसत नाही. कूपरने हनुवटी वर झटकली, फास निसटला, म्हणून तो वाचला. अशा तारेला प्रयोगांचा हिशेब ठेवून आयुष्य ठरवून द्यायचं असतं. ती चांगली दिसतेय तोवरच फेकायची.

८ ऑगस्ट १९९२, माँट्रियलचं ऑलिंपिक स्टेडियम. मेटॅलिका बँडच्या मंचावर आगीच्या नव्या नळ्या बसवल्या होत्या. गायक जेम्स हेटफिल्डला वाटलं जुन्यांच्या जागी नव्या आल्या. खरं तर जुन्या तशाच होत्या आणि नव्या त्यांत भर होत्या. 'इथे उभं राहायचं नाही' ही खूण जुन्या नकाशाप्रमाणे त्याच्या डोक्यात पक्की, आणि तो सरळ ज्वाळेत गेला. हात-बाहू भाजले, कार्यक्रम थांबला. त्यानंतर गन्स अँड रोझेस तासन् तास उशिरा आले, त्यांचा गायक अ‍ॅक्सल रोझ मध्येच निघून गेला, बाहेर दंगल पेटली. एका रात्रीत दोन बँड: एकाचा अपघात माहिती न पोचल्यामुळे, दुसऱ्याची दंगल वेळ न पाळल्यामुळे. पोस्टरवर दोघेही सारखेच बंडखोर.

सगळ्यांत वाईट उदाहरण २० फेब्रुवारी २००३ चं, ऱ्होड आयलंडमधला स्टेशन नाइटक्लब. ग्रेट व्हाइट बँडच्या मागे चार जर्ब लावले होते, म्हणजे ठिणग्यांचं कारंजं उडवणाऱ्या नळ्या. प्रत्येकाची ठिणगी १५ फूट, वेळ १५ सेकंद. दोन सरळ, दोन ४५ अंशांत. भिंतीवर आवाज अडवायला पॉलियुरेथेनचा फोम चिकटवलेला, छत बुटकं, परवाना नाही. १०० माणसं गेली. १५ फुटी ठिणगी बुटक्या छताखाली लावायचीच नसते, आणि फोमजवळ तर मुळीच नाही. फोम पेटताना काळा विषारी धूर इतक्या वेगाने सोडतो की सहा मिनिटांच्या आत इमारत पूर्ण पेटली होती. टूर मॅनेजरला तुरुंगवास झाला.

रीतसर मंचावर आगीचा माणूस वेगळाच असतो. बटण दाबून धरलं तरच ठिणगी पेटते, बोट उचललं की बंद. गायक ठरल्या चिकटपट्टीवर उभा नसेल तर तो बटण दाबत नाही, गाणं कितीही रंगात असो. १९९६ मध्ये बर्लिनमध्ये अपघात झाल्यावर रामस्टाइन बँडचा गायक टिल लिंडेमान याने स्वतःच आतषबाजीचा परवाना काढला. जळता कोट घालून गाणाऱ्या माणसाने आधी परीक्षा दिलेली असते.

---

चिमटा

+१ ठिणगी. अवांतर: मागे रचलेल्या अँप्लिफायरच्या भिंतीबद्दलही लिहा ना कुणी. चार स्पीकरच्या त्या काळ्या पेट्यांपैकी कित्येक मंचांवर बहुतेक रिकाम्या असतात, नुसती जाळी आणि चौकट. आवाज एखाद्याच पेटीतून येतो, तिच्यासमोर एक मायक्रोफोन. सगळ्या खऱ्या लावल्या तर गायकाच्या मायकात गिटारच घुसेल. रश बँडच्या गेडी लीला मागे स्पीकरची गरजच उरली नाही, तेव्हा त्याने त्या जागी कपडे वाळवायची यंत्रं मांडली. पुढच्या एका दौऱ्यात कोंबड्या भाजायच्या भट्ट्या. एवढा प्रामाणिक माणूस विरळा.

---

उंबरठा

धागा छान, पण सगळा हसण्यावारी चाललाय. 'खरं वागणं प्रतिमेपेक्षा सभ्य' ही एकच बाजू नव्हे.

२३ जुलै १९७७, कॅलिफोर्नियातलं ओकलंड. लेड झेपेलिन बँडच्या मॅनेजरच्या लहान मुलाने खोलीवरची पाटी घेतली, प्रमोटर बिल ग्रॅहमच्या एका कर्मचाऱ्याने त्याला अडवलं. त्यावरून त्या कर्मचाऱ्याला एका ट्रेलरमध्ये गाठून बेदम मारलं. ढोलवाला जॉन बॉनम, मॅनेजर पीटर ग्रँट आणि आणखी दोघांवर गुन्हे दाखल झाले, आरोपांना आव्हान न देता चौघांनी प्रकरण मिटवलं, शिक्षा स्थगित राहिली. याचं पोस्टर कुणी छापलं नाही.

धागाकर्त्याच्या तिसऱ्या प्रश्नाचं वजन इथे कळतं. गिटार फुटली, स्वतःचा दात तुटला, हे सगळे किस्से बँड स्वतः सांगतात. कामगाराला मारलं, खोली साफ करणाऱ्या बाईच्या माथी काय ठेवलं, हे ते सांगत नाहीत. अभिमानाने सांगितलेला किस्सा बहुधा निरुपद्रवी निघतो. ज्याबद्दल वकील बोलतो तो उपद्रवी.

---

मंद्रसप्तक

उंबरठा, हे मूळ धाग्यातच यायला हवं होतं.

यालाच जोडून वटवाघूळ. २० जानेवारी १९८२, अमेरिकेतलं दे मॉईन. मंचावर आलेलं वटवाघूळ गायक ऑझी ऑस्बॉर्नला रबरी वाटलं, चावल्यावर कळलं, मग रेबीजची इंजेक्शनं. पण ते मंचावर आलंच कसं? त्या दौऱ्यात प्रेक्षकांवर कच्च्या मांसाचे तुकडे फेकण्याचा खेळ बँडनेच सुरू केला होता. प्रेक्षक घरून वस्तू आणून परत फेकू लागले. प्रतिमा एकदा लोकांच्या हातात दिली की ते ती व्याजासह परत करतात.

---

परिशिष्ट

उलट्या बाजूची नोंद करून टाकतो. १९ सप्टेंबर १९८५ ला अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे गाण्यांच्या शब्दांवरून सुनावणी झाली. ट्विस्टेड सिस्टर बँडचा गायक डी स्नायडर बाह्या नसलेल्या जाकिटात आला आणि शांतपणे म्हणाला की आपण दारू पीत नाही, सिगारेट ओढत नाही, अमली पदार्थ घेत नाही, विवाहित ख्रिस्ती आहोत. त्याच्या ज्या गाण्यात विकृती शोधली गेली होती, ते बँडमधल्या गिटारवादकाच्या घशाच्या शस्त्रक्रियेवरून सुचलेलं निघालं. त्याच दिवशी साक्ष देणारा फ्रँक झापा दौऱ्यात अमली पदार्थ घेणाऱ्या वादकांना नारळ द्यायचा. एसी/डीसीचा अँगस यंग चहावर चालतो. अ‍ॅलिस कूपर १९८३ पासून दारूला शिवलेला नाही, गोल्फ मात्र रोज.

कारणही धंद्यातलंच. दोन तास उड्या मारत रोज वाजवायचं, वर रात्रभर बसचा प्रवास. नशेत हे महिनाभर जमतं, वीस वर्षं नाही.

---

तिकीटखिडकी

सगळे फोडाफोडीतच अडकलेत. धंद्याच्या विरोधात जो गेला त्याचं काय?

सेक्स पिस्टल्स हा बँड घ्या. १ डिसेंबर १९७६ ला टीव्हीवर निवेदक बिल ग्रंडीने 'बोला की काहीतरी भयंकर' म्हणून डिवचलं आणि बँडचा स्टीव्ह जोन्स शिव्यांसकट बोलला. क्वीन बँड ऐनवेळी येऊ न शकल्याने हे बदली गेले होते. ग्रंडी दोन आठवडे निलंबित. १० मार्च १९७७ ला ए अँड एम या रेकॉर्ड कंपनीने त्यांच्याशी बकिंगहॅम राजवाड्याबाहेर कॅमेऱ्यांसमोर करार केला, १६ मार्चला मोडला, आणि ७५,००० पौंड मोजले. छापलेल्या सुमारे २५,००० रेकॉर्डपैकी बहुतेक नष्ट केल्या. बंड म्हणा, पण हिशेब बघता इतका किफायतशीर आठवडा कुणाला मिळाला नसेल.

याच्या शेजारी फुगाझी हा बँड ठेवा. तिकीट जमेल तिथे ५ डॉलर, कार्यक्रम सर्व वयांना खुला. सगळ्यांना प्रवेश हवा म्हणजे दारूच्या विक्रीवर चालणारे क्लब बरेचसे बाद. मग चर्चचं तळघर, शाळेचा हॉल शोधायचा, ध्वनियंत्रणा भाड्याने आणायची, दारावर आपली माणसं बसवायची. पुढे उभा एखादा दांडगा इतरांना लाथाबुक्क्या घालू लागला की वादन थांबायचं आणि त्याला पाकिटातून ५ डॉलर परत देऊन बाहेर काढायचं. यात फुटलेलं काही नाही, म्हणून पोस्टरही नाही.

आणि पर्ल जॅम हा बँड. १९९४ मध्ये त्यांची मागणी अशी: तिकीट १८ डॉलर, वरचा आकार १.८० च्या पुढे नको, एकूण वीसच्या आत. तिकीटमास्टर ही तिकिटं विकणारी कंपनी ऐकेना. बँडने न्याय खात्याकडे तक्रार केली, ३० जून १९९४ ला बँडचे स्टोन गॉसर्ड आणि जेफ अ‍ॅमंट अमेरिकन काँग्रेससमोर (संसदेसमोर) साक्षीला बसले. १९९५ मध्ये चौकशी गुंडाळली गेली. त्या कंपनीशी बांधलेली सभागृहं टाळून दौरा करायचा ठरवलं तर उरतात उघडी मैदानं आणि आडबाजूच्या जागा: मंच शून्यातून बांधा, वीज जनरेटरवर, संडास, पार्किंग, पोलीस परवानगी सगळं स्वतः. कार्यक्रम रद्द होत गेले आणि पुढे बँड पुन्हा नेहमीच्या सभागृहांत आला.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे स्पष्ट आहे: खर्च बँडच्या खिशातून गेला, आणि बातमी व्यापाराच्या पानावर आली.

---

वायरमन

तिकीटखिडकी, पूर्ण सहमत, एक वगळता. पिस्टल्सचे ७५,००० बँडच्या हाती किती आले? मॅनेजर माल्कम मॅक्लारनशी त्यांचा खटला १९८६ पर्यंत चालला, तेव्हा कुठे हक्क परत मिळाले. किफायतशीर होतं, पण कुणाला, हेही विचारा.

नवखा यांनी खाजगी निरोपातून विचारलंय की लेस पॉलचा मोडलेला शेंडा जोडता येतो का. येतो. भेग लांब आणि तिरकी असेल तर फार चांगला. तारा काढा, कपचे फेकू नका, सुकं जोडून बघा, मगच लाकडाचा पिवळा डिंक भेगेत आतपर्यंत मुरवा. शिकंजे लावून २४ तास हात लावू नका. भेग आडवी आणि तोकडी असेल तर नुसता डिंक टिकत नाही, मागून लाकडाच्या पट्ट्या बसवाव्या लागतात. झटपट सुकणारा गोंद वापरू नका. तो ठिसूळ असतो, आणि पुढचा कारागीर जुना गोंद खरवडताना तुमच्या नावाने शिमगा करतो.

---

मंद्रसप्तक

मूळ धाग्यात बदल करतोय. प्रश्न चार झाले: राखीव वाद्याचा प्रश्न उलटतपासणी यांचा. किश्श्यांचे रकानेही पाडले: तपकिरी गोळ्या 'अर्धी अक्कल' मध्ये. टाउनशेंड दोन रकान्यांत: पहिली गिटार 'अपघात', पुढच्या सगळ्या 'प्रयोग'. फ्लिंटची गाडी क्रेनचं बिल सापडेपर्यंत 'प्रलंबित'.